सराफ्यातलं जुन्या नाण्यांचं दुकान : अस्सल पेटीआधी नकलांचा ट्रे मागा

इंदूरच्या सराफ्यात चांदीच्या दुकानांच्या डोक्यावर, एका अरुंद जिन्याने वर गेलं की हे दुकान लागतं. नाव आणि नेमका पत्ता इथे देत नाही. जिथे नाणी ठेवलेली असतात ती जागा उघड्यावर लिहू नये, हा या छंदातला साधा नियम आहे. शहरात नाणी जमवणाऱ्या कुणालाही विचारलंत तर तो जिन्यापर्यंत आणून सोडेल.

माल चार ठिकाणी मांडलेला आहे. पहिल्या पेटीत माळव्याची प्राचीन नाणी : चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी, उज्जयिनीची तांब्याची, थोडी एरण-विदिशेची, थोडी सातवाहनांची. दुसरीत पश्चिमी क्षत्रपांचे, म्हणजे माळवा-गुजरातेतल्या शक राजांचे, द्रम्म नावाचे चांदीचे छोटे नाणे. तिसरीत मांडूच्या सुलतानांपासून होळकरांपर्यंत सगळं. आणि खालच्या फळीवर हिरव्या मखमलीचा एक ट्रे, ज्यावर चिठ्ठी आहे ‘नक्कल’. गिऱ्हाईक सरळ दुसऱ्या पेटीकडे वळतं, कारण राजाचा चेहरा, मागे ब्राह्मी अक्षरं आणि अठराशे वर्षांची चांदी दीड-दोन हजारांत हातात येते. पण नवशिक्याने आपले पहिले पाचशे रुपये घालावेत ते या चौथ्या ट्रेवर. खोटं नाणं खोटं म्हणून विकणारी दुकानं फार थोडी असतात आणि हे त्यांपैकी एक आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या ट्रेचं आहे.

आधी तक्रार. एकाच ‘नक्कल’ चिठ्ठीखाली इथे तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळून पडल्या आहेत. एक, जुन्या काळातच कुणीतरी लबाडीने पाडलेली खोटी नाणी. दोन, जुन्या काळात दुसऱ्याच्या नाण्याच्या धर्तीवर राजरोस पाडलेली आणि बाजारात चाललेली नाणी. तीन, आजकालच्या कारागिरांनी संग्राहकांसाठी किंवा त्यांना फसवण्यासाठी केलेल्या प्रती. पहिल्या दोन प्रकारांची नाणी स्वतःच प्राचीन आहेत, त्यांना इतिहासात जागा आहे. तिसऱ्याला फक्त शिकवणीचं मोल. तिन्हींना एका चिठ्ठीत कोंबल्यामुळे जाणत्याला कधी गधैया (दुसऱ्या प्रकारातलं जुनं नाणं) साठ रुपयांत मिळून जातो, आणि नवखा कालची ओतीव प्रत दीडशेला उचलतो. मालक विचारल्यावर फरक बरोबर सांगतात, पण विचारलं तरच.

पहिल्या प्रकारातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे चांदी चढवलेली आहत नाणी. खरं आहत नाणं म्हणजे चांदीच्या पत्र्यातून कापलेला तुकडा. वजन जमवायला त्याचे कोपरे छाटलेले असतात, म्हणून आकार वेडावाकडा. एका बाजूला पाच ठसे, त्यांत बहुधा सूर्य आणि सहा आऱ्यांचं चिन्ह. वजन ३.३ ते ३.४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने ३२ रत्ती. खोटं करणारा तांब्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर चांदीचा पातळ पत्रा गुंडाळून तापवायचा, आणि मग वर तसेच ठसे मारायचा. दोन हजार वर्षांनी हा पत्रा कडेला आणि उंच भागांवर फुटतो. फुटलेल्या जागेतून आतल्या तांब्याचा हिरवा-काळा गंज डोकावतो. त्याच आकारमानाचं तांबं चांदीपेक्षा सुमारे १५ टक्के हलकं, त्यामुळे ३.४ ग्रॅम भरायला हवं ते नाणं २.९ वर थांबतं. ट्रेमध्ये असे पाच नमुने होते. त्यांपैकी दोघांवर फूट अगदी बारीक, कडेच्या कोपऱ्याला मोहरीएवढी. दहापट भिंगाशिवाय ती दिसत नाही, आणि वजन न करता घेणारा माणूस ते नाणं पहिल्या पेटीच्या भावाने घेऊन जाईल.

अस्सल आहत नाण्यांच्या दुसऱ्या बाजूला बारीक बारीक खुणा मारलेल्या दिसतात. त्या काळच्या सराफांनी नाणं हातातून जाताना पारखून मारलेल्या त्या खुणा आहेत, असं सामान्यतः मानलं जातं. चांदी पारखणाऱ्या आजच्या सराफ्यात बसून त्या खुणा बघायला मिळाव्यात, ही या दुकानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

दुसऱ्या प्रकारात गधैया. माळवा, गुजरात, राजस्थानात हे नाणं इतकं चाललं की आजही ते स्वस्त मिळतं. मूळ इराणच्या सासानी राजांचा रुंद, पातळ द्रम्म : एका बाजूला मुकुटधारी राजा, दुसरीकडे अग्निवेदी आणि तिच्या दोन बाजूंना उभे दोन रक्षक. सम्राट पेरोज ४८४ मध्ये हूणांशी लढताना मारला गेला. त्याची नाणी हूणांच्या हाती मोठ्या संख्येने पडली, त्यांच्याबरोबर इकडे आली आणि इथे त्यांची धर्ती उचलली गेली. पुढच्या कित्येक शतकांत प्रत्येक कारागीर समोरच्या नाण्यावरून नवा ठसा कोरत गेला, मूळ राजा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. नाक रेघ झालं, डोळा ठिपका झाला, मुकुट ठिपक्यांची ओळ झाला, वेदी आडव्या रेघांची शिडी झाली. नाणं लहान आणि जाड होत गेलं, पण वजन साधारण ४ ग्रॅमच्या आसपास टिकून राहिलं. चांदीचा कस मात्र उतरत गेला.

याला ‘नक्कल’ म्हणून टाकून देणं चूक आहे. बाजाराने शेकडो वर्षं हे नाणं खरं मानलं होतं. ट्रेमधले गधैये जुनं ते नवं अशा क्रमाने लावून बघा. सहा-सात नाण्यांत एक चेहरा विरघळून रेघा-ठिपके कसा होतो ते डोळ्यांसमोर उभं राहतं. दुकानाने हा क्रम मांडून, वेगळी चिठ्ठी लावून दिला पाहिजे. सध्या ते एका वाटीत ढीग करून ठेवले आहेत आणि वाटीत हात घातला की एकमेकांवर घासतात.

आता तिसरा प्रकार, आजच्या प्रती. इथे या ट्रेची खरी किंमत कळते. क्षत्रप रुद्रसेनाच्या द्रम्माच्या तीन प्रती शेजारी ठेवा. तिन्हींत कडेला एक चीर आहे. घड्याळाच्या तबकडीसारखं धरलं तर सातच्या जागी, राजाच्या खांद्याखाली, आत वळलेली. तिन्हींत ती तितकीच लांब, त्याच कोनात. आता हा मुद्दा नीट लक्षात घ्या. एकाच ठशाने मारलेली दोन अस्सल नाणी असू शकतात. त्यांत चेहरा, अक्षरं, ठशातली फूट सारखी असेल. पण कडेची चीर ठशातून येत नाही. ती त्या एका चांदीच्या तुकड्यावर घाव बसताना पडते, म्हणून दुसऱ्या तुकड्यावर तशीच पडणं शक्य नाही. दोन नाण्यांची चीर आणि बाह्याकार हुबेहूब जुळला की समजा, दोन्ही एकाच आईच्या साच्यातून ओतलेली आहेत, किंवा त्यांतलं एक दुसऱ्याची आई आहे.

भिंगाखाली त्याच तीन प्रती अजून बोलतात. दागिन्यांचं ओतकाम जसं होतं तशाच त्या झाल्या आहेत : अस्सल नाण्यावरून रबराचा साचा, त्यात मेण, मेणाभोवती प्लॅस्टर, मेण जाळून पोकळी, पोकळीत वितळलेली चांदी. प्लॅस्टर ओतताना मेणाला हवेचा बुडबुडा चिकटून राहिला तर त्या जागी चांदी भरते आणि नाण्यावर बारीक उंच दाणा उमटतो. हे दाणे अक्षरांच्या कोपऱ्यांत, केसांच्या बटांमध्ये शोधा. धातूतला वायू बाहेर पडला की उलट खड्डे पडतात, टाचणीच्या टोकाएवढे, तळ गोल असलेले. जमिनीत गंजून पडणारे खड्डे वेगळे असतात, त्यांच्या कडा खडबडीत आणि आकार वाटेल तसा. ओतीव प्रतीचे केस बोटाने पुसल्यासारखे मऊ दिसतात. ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाखाली बाहेर सरकतो, त्यामुळे अक्षरांपासून कडेकडे जाणाऱ्या अगदी बारीक रेघा दिसतात. ओतीवात त्या नसतात, किंवा असल्या तरी बोथट. शेवटी कड फिरवून बघा. धातू जिथून ओतला तिथली गाठ कानशीने घासलेली असते, आणि तेवढाच भाग चपटा, चकचकीत. तिन्ही प्रतींत ती जागा मानेमागे सापडते.

ट्रेमध्ये प्रेसवर दाबून काढलेल्या प्रतीही आहेत. त्यांत दाणे-खड्डे नसतात, म्हणून त्या जास्त फसवतात. तिथे ब्राह्मी वाचायला यावी लागते. नव्याने ठसा कोरणाऱ्याला लिपी कळत नाही. तो अक्षरं चित्रासारखी काढतो, सगळी एका उंचीची, मध्येच एखादं उलटं. अस्सल ठशातही चुका होत्या, पण त्या लिहिता येणाऱ्याच्या चुका आहेत.

दुसऱ्या पेटीतल्या चिठ्ठ्यांबद्दल नाराजी इथूनच सुरू होते. क्षत्रपांच्या नाण्यावर मागच्या बाजूला मध्ये तीन कमानींचा डोंगर, माथ्यावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ, आणि भोवती ब्राह्मी लेख. लेखात वडिलांचं नाव आधी, राजाचं नंतर. उदाहरणार्थ : राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस. म्हणजे रुद्रसिंहाचा मुलगा रुद्रसेन. पेटीतल्या निदान दोन नाण्यांवर चिठ्ठी ‘रुद्रसिंह पहिला’ अशी होती, आणि लेखात ‘रुद्रसीहस पुत्रस’ स्पष्ट वाचता येत होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पहिलं नाव उचललं आणि बापाचं नाणं करून टाकलं. पहिल्या रुद्रसिंहाचे रुद्रसेन, संघदामन आणि दामसेन असे तीन मुलगे महाक्षत्रप झाले, तिघांच्याही नाण्यावर बापाचं नाव तेच. संघदामनाची कारकीर्द फार छोटी, त्याचं नाणं दुर्मीळ. अशी चुकीची चिठ्ठी एखाद दिवशी वाचणाऱ्याच्या पदरात चांगलं दान टाकेल, पण दुकानाच्या विश्वासाला ती बरी नाही. वाचायला सुरुवात करताना ‘राज्ञो’ शोधा. लेख गोल असल्याने ठशागणिक सुरुवातीची जागा बदलते.

चेहऱ्यामागे शक वर्ष असतं, तेही बघा. हे आकडे स्थानिक किमतीचे नाहीत. शंभराचं चिन्ह वेगळं, चाळीसचं वेगळं, चारचं वेगळं, तिन्ही ओळीने लिहिले की १४४. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २२२. बहुतेक नाण्यांत ठसा मध्यावर बसलेला नसतो आणि वर्षाचा एखादा भाग कडेबाहेर जातो. तोच अर्धा आकडा तुम्हाला चार-पाच नाण्यांत त्याच ठिकाणी कापलेला दिसला तर ट्रेमधल्या तीन प्रती आठवा.

दुसऱ्या पेटीत एक क्षत्रप नहपानाचं नाणं आहे, वर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, ठसा मारलेलं. चेहऱ्यावर डोंगर बसलाय, मागे उज्जयिनीचं चिन्ह, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची फुली आणि चार टोकांना चार गोळे. खाली जुन्या नाण्याचं नाक आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात. नवखा याला ‘बिघडलेलं’ समजून बाजूला ठेवतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला, त्यातल्या सुमारे नऊ हजारांवर असा दुसरा ठसा होता. हरलेल्या राजाचं चलन जिंकणाऱ्याने आपलं करून घेतलं त्याचा हा पुरावा. भाव २,६०० सांगितला. दोन्ही ठसे इतके वाचता येत असतील तर तो रास्त आहे.

काट्याबद्दल. दुकानात ०.०१ ग्रॅमचा काटा आहे आणि मालक न कुरकुरता प्रत्येक नाणं तोलून देतात, हे मोठं. क्षत्रप द्रम्म २.० ते २.४ ग्रॅम, व्यास १४ ते १६ मिलिमीटर, हे दोन आकडे डोक्यात असू द्या. पण नुसत्या वजनाने भागत नाही, घनता बघावी लागते. त्याची पद्धत सोपी. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा, आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६, जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला, तांबं-जस्त-निकेलचा मिश्रधातू) साडेआठच्या जरा वर, शिसं ११.३४. पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटतात आणि घनता खोटी कमी येते. सुती दोरा पाणी पितो, तो नको.

आता अडचण. २.१० ग्रॅमचा चांदीचा द्रम्म पाण्यात ०.२० दाखवतो, जर्मन सिल्व्हरचा ०.२४. एवढा फरक ०.०१ च्या काट्यावर जेमतेम पकडता येतो. पण ०.२० चं ०.२१ झालं की उत्तर १०.५ वरून थेट १० वर येतं, म्हणून कस ठरवायला हा काटा निरुपयोगी आहे. होळकरी रुपया ११ ग्रॅमच्या वर असतो, त्याला तो पुरतो. द्रम्मासाठी ०.००१ चा काटा लागतो. खाली सराफांकडे तो आहे, आणि दुकानाने एक घेतलाच पाहिजे. शिवाय जमिनीतून निघालेली जुनी चांदी आतून भेगाळलेली असते, भेगांत हवा अडकते, आणि खरं नाणंही ९.८ दाखवू शकतं. घनता कमी आली म्हणून लगेच नाणं खोटं म्हणू नका. दाणे, कड, लेख हे सगळं जोडीला बघा.

काही जण नाणं खालच्या सराफाकडे नेऊन कसाच्या यंत्रात घालतात. ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा दिलेलं तांबं तिथे चांदी म्हणून पास होतं, आणि अस्सल जुन्या नाण्याचा वरचा थर आतल्यापेक्षा जास्त शुद्ध दिसतो, कारण तांबं मातीत विरघळून गेलेलं असतं. एक गोष्ट मात्र या यंत्रातून कळते. जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या चांदीत सोन्याचा आणि शिशाचा अंश राहून जायचा. यंत्र नुसती ९९.९ चांदी दाखवत असेल आणि दुसरं काहीच नाही, तर ती चांदी आजच्या कारखान्यातली असण्याची शक्यता मोठी. नाणं काचेवर आपटून आवाज ऐकायचा प्रकार मात्र कुणालाही करू देऊ नका. जुनी चांदी ठिसूळ होते, दोन तुकडे होतात.

उज्जयिनीची तांब्याची नाणी इथे अडीचशे ते सातशेत मिळतात, आणि मला वाटतं दुकानातला सगळ्यात भरवशाचा माल तोच. एका बाजूला दंड-कमंडलू घेतलेली उभी आकृती किंवा नंदी, बाजूला कठड्यातलं झाड, मागे ते फुली-गोळ्यांचं चिन्ह. इतकं स्वस्त नाणं खोटं करण्यात फायदा नाही. लबाडी होते ती रंगाची. झिजलेल्या नाण्यावर हिरवा रंग चढवून ते ‘जुनं हिरवं’ म्हणून विकतात. शुद्ध ॲसिटोन कापसाच्या काडीला लावून कडेला घासा. काडी हिरवी झाली तर तो रंग आहे. मालक ही तपासणी समोर करू देतात. तेजाबाने खाल्लेला हिरवा थर ॲसिटोनने निघत नाही, पण तो वरच पसरलेला, भुकटीसारखा असतो. खऱ्या थरात हिरव्याखाली लालसर थर असतो आणि सगळं घट्ट, गुळगुळीत बसलेलं.

फिकट पोपटी पावडर दिसली तर मात्र वेगळं प्रकरण. लाकडी टूथपिकने टोकरलं की ती सुटते, खाली खड्डा असतो. मातीतलं क्लोराइड तांब्याला आतून खातंय आणि दमट हवेत ते वाढत जातं. इंदूरच्या पावसाळ्यात असं नाणं चेहरा गमावू शकतं. पहिल्या पेटीत अशी दोन नाणी चांगल्या नाण्यांच्या मांडीला मांडी लावून पडली होती. घेऊ नका, आणि घेतलंच तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर एकटं ठेवा.

साफसफाईच्या बाबतीत दुकान सरळ चुकतं. क्षत्रपांची निम्मी नाणी धुऊन लख्ख केलेली आहेत. गिऱ्हाईक चमक मागतं हे खरं, पण त्या चकचकीतपणाखाली अक्षरांच्या कडा गेलेल्या असतात आणि तपासायच्या खुणाही. ‘न धुतलेलं दाखवा’ म्हटलं की आतून एक पुडी निघते. त्यातली नाणी करड्या थराखाली असतात आणि वर स्वस्तही. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, रोज पाणी बदला, मऊ झालेली माती बांबूच्या काडीने काढा. तेवढंच.

पॅकिंगही बदलायला हवं. नाणं मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात देतात, नव्या पावसाळी चपलेसारखा वास येतो तेच प्लॅस्टिक. वर्षभरात ते चिकट हिरवा पदार्थ सोडतं आणि चांदीवरसुद्धा डाग पाडतं. कागदी पाकीट मागा, किंवा मायलरची (पारदर्शक, निरुपद्रवी प्लॅस्टिकची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट. चौकटीच्या पिना पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे उठतात.

एका बाबतीत दुकानाचं मनापासून कौतुक. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे : राम दरबार, हनुमान, कमळ असलेली कंपनीची नाणी घेत नाही, विकत नाही. १६१६, १७१७, १८१८ अशी साल घातलेल्या या पितळी-तांब्याच्या चकत्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत पाडलेल्या नाहीत. ‘तांदूळ खेचणारं नाणं’ म्हणून लाखोंच्या गोष्टी सांगून त्यांच्यावरून लोकांना लुबाडतात. देवघरातले रामटंके (राम-सीतेची चित्रं असलेली पूजेची नाणी) वेगळे, ते श्रद्धेने ठेवावेत, पण ते कधीच चलन नव्हते. वारशात मिळालेला असा टंका घेऊन येणाऱ्याला इथे शांतपणे समजावून परत पाठवतात.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणूनही नाही. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, तो दाखवा म्हणायला संकोच नको. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ‘कालच शेतात निघालंय’ असं सांगत कुणी जिन्यात गाठलं तर पुढे जा. खरं असेल तर गुन्हा, खोटं असेल तर फसवणूक. दुकान असा माल घेत नाही आणि विकायला येणाऱ्याचं ओळखपत्र लिहून घेतं.

बिलावर नाण्याचं नाव, वजन आणि ‘अस्सल’ हा शब्द हाताने लिहून देतात, पंधरा दिवसांत परत घेतात. बिलावर राजाचं पूर्ण नाव लिहून घ्या, चिठ्ठीवर विसंबू नका. प्रती साठ ते दीडशे रुपयांना आहेत, पण त्यांच्यावर प्रत असल्याची कोरीव खूण नाही. आज ट्रेमधून साठला गेलेली प्रत उद्या दुसऱ्याच्या हातून दोन हजारांना विकली जाऊ शकते. कडेवर एक बारीक ‘प्र’ ठोकून द्यायला खालच्या कोणत्याही कारागिराला मिनिट लागत नाही. घेताना तसा आग्रह धरा.

पाचांपैकी साडेतीन. अर्धा गुण चिठ्ठ्यांचा गेला, अर्धा धुलाई-पॅकिंगचा, आणि अर्धा प्रतींवर खूण नसल्याचा.

जाताना दहापट भिंग, डिजिटल कॅलिपर आणि ब्राह्मीचा छापील तक्ता बरोबर ठेवा. शक्य असेल तर आधी ए. बी. रोडवरच्या केंद्रीय संग्रहालयात एक फेरी मारा, अस्सल नाण्यांवर डोळा बसतो. दुपारी बारा ते तीनच्या मध्ये जा. संध्याकाळी दुकानांची शटरं पडायला लागली की खाली खाऊच्या गाड्या लागतात, जिना गर्दीने भरतो आणि वर पांढऱ्या दिव्याखाली प्रत्येक नाणं चांगलंच दिसतं. खिडकीजवळची खुर्ची मागा. तिथे प्रकाश तिरपा येतो, आणि बुडबुड्याच्या दाण्याला सावली पडते. नकलांचा ट्रे मालक आपणहून बाहेर काढत नाहीत, त्यांच्या मते त्यात गिऱ्हाइकाला रस नसतो. तो मागावा लागतो.